बाटलीत न आलेलं शेवाळ

माझ्या प्रयोगशाळेत तपासायला आलेलं पाणी बहुतेक वेळा रमच्या बाटलीतून यायचं. टाउनशिपमधला कुणी रिटायर्ड फोरमन सकाळी सकाळी रागाने लालबुंद होऊन दारात उभा राही. "मैडम, सूँघो! नल के पानी में बदबू है." मी बाटलीचं बूच काढायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "है तो सही, पर ये बदबू नल की नहीं है." मग तो गृहस्थ बाटलीवरचं लेबल अंगठ्याने झाकत म्हणे, "धोई थी, तीन बार धोई थी."

सांगायचं म्हणजे, मी भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये पाणी तपासणारी बाई होते. पिपलानीतल्या भाजीवाल्यापासून हॉस्पिटलच्या आयापर्यंत सगळे मला 'पानी वाली मैडम' म्हणत. माहेर उज्जैनचं. त्यामुळे माझं मराठी असं, की पुण्याच्या नणंदेला दर वाक्याला ठेच लागते. आमच्याकडे पाऊस 'गिरतो', भाजी 'जळून जाते' आणि माणूस 'परेशान' होतो. संपादकांनी ते सुधारून घेतलं असेल तर त्यांचे आभार. नसेल घेतलं, तर वाचा तसंच.

पाणी तपासणं म्हणजे काय, असं लोक विचारतात. अहो, काही नाही. बाटलीत पाणी घ्यायचं, गढूळपणा बघायचा, क्लोरीन बघायचं, जंतू वाढतात का ते बघायचं. आणि मी वनस्पतिशास्त्राची, म्हणून माझ्या वाट्याला एक जादा काम होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब ठेवून त्यातलं शेवाळ मोजायचं. शेवाळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे घाटाच्या पायरीवरचं पाय घसरवणारं शेवाळ येतं. ते नव्हे. हे एकेका पेशीचं, डोळ्यांना न दिसणारं. एका थेंबात शेकडो. बहुतेक बिचारी निरुपद्रवी असतात, माशांचं अन्न. पण त्यातल्या काही जाती विषारी. आणि वरून दिसायला विषारी नि बिनविषारी अगदी सारख्या, हीच तर पंचाईत.

हे मला शिकवलं समुद्राने. हसू नका. आमच्या साहेबांनी एकदा मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला किनाऱ्यावरच्या एका संस्थेत धाडलं. विषय होता किनाऱ्याच्या पाण्यातली घातक शेवाळं. "भोपाल में समंदर कब आ रहा है?" असं कँटीनमध्ये मला महिनाभर चिडवत होते. तिथे मी, जिने आयुष्यात क्षिप्रेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं, ती होडीत बसले, ओकले, परत बसले. एके दिवशी समुद्राचा एक पट्टा विटकरी रंगाचा झालेला दाखवला. कोट्यवधी सूक्ष्म शेवाळं एकाच वेळी माजली होती. तिसऱ्या, कालवं असे शिंपल्यातले जीव दिवसभर तेच पाणी गाळून खातात, विष त्यांच्या मांसात साठतं, त्यांना स्वतःला काही होत नाही. पण खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात, कधी श्वासही थांबतो. आणि शिजवून ते विष मरत नाही! मी शाकाहारी असल्याचा मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

परत आले ती मोठी तज्ज्ञ होऊन. आमच्या गोड्या पाण्यातही या मंडळींचे भाऊबंद असतात, नील-हरित शेवाळ म्हणतात त्यांना, हे मी ज्याला त्याला ऐकवायची. आमचा तलाव अयोध्या नगरच्या बाजूला होता. त्याचं पाणी बागांना आणि कारखान्यातली यंत्रं थंड ठेवायला जायचं. प्यायचं पाणी दुसरीकडून यायचं. तरी दर सोमवारी तलावाचा नमुना माझ्याकडे येई, मी मोजायची, आणि रजिस्टरमध्ये लिहायची, 'शेवाळ अत्यल्प. पाणी दोषरहित.' खाली माझी लफ्फेदार सही. सहा वर्षं. आपला तलाव किती निर्मळ, म्हणून मला कोण अभिमान! पोरीचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं मी ते रजिस्टर पाहुण्यांना दाखवायची.

नमुना आणायचा मुन्नालाल. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, कपाळावर टिळा, कपडे परीटघडीचे. त्याच्याइतका टापटिपीचा माणूस अख्ख्या वॉटर सप्लाय विभागात नव्हता. बाटली अशी लख्ख पुसून आणायचा, की बघत राहावं. वर चिठ्ठी चिकटवलेली, अक्षर मोत्यासारखं. सकाळी साडेदहाचा चहा झाला की सायकलवर टांग मारायची आणि अकराला पंपहाउसच्या पायरीवरून बाटली भरायची. दुसरे लोक उशीर करत, दांड्या मारत. मुन्नालालचं घड्याळ कधी चुकलं नाही.

आता हरिराम. हरिराम गवळी तलावाच्या पूर्वेला राहायचा, अकरा म्हशी, आणि आमच्या सेक्टरमध्ये निम्म्या क्वार्टरांना त्याचा रतीब. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन बांधून पहाटेच यायचा. टाउनशिपच्या फाटकातून आत यायला त्याच्याकडे गेट-पास होता. दूध बरं, तोंड फटकळ. "हरिराम, आज दूध पतला है," म्हटलं की म्हणायचा, "भैंस को बोल दूँगा, आंटी. आपका ही नाम लेके बोलूँगा."

एका वर्षी पाऊस लवकर आटोपला आणि नवरात्राच्या सुमारास असं दमट ऊन पडलं, की पान हलेना. त्यातच हरिरामच्या ट्यूबवेलची मोटर जळाली. म्हणून तो चार दिवस म्हशींना पहाटे तलावावर पाणी पाजायला नेऊ लागला. पाचव्या दिवशी दोन म्हशी मेल्या. तीन अडखळत चालू लागल्या.

हरिराम फाटकावर येऊन ओरडला, "तालाब में जहर है! फैक्टरी ने जहर छोड़ा है!"

हा शब्द दुसऱ्या गावात उच्चारला असता तर लोकांनी मान वळवून पाहिलं असतं आणि कामाला लागले असते. भोपाळात तसं होत नाही. इथे तो शब्द ऐकून बायका खिडक्या लावून घेतात, अजूनही. दुपारपर्यंत निम्म्या टाउनशिपने पाणी उकळायला ठेवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याने नातेवाइकांकडे जायच्या पिशव्या भरल्या होत्या.

व्यवस्थापनाने माझा अहवाल मागवला. मी सोमवारचा कागद दिला. 'पाणी दोषरहित.' तो कागद नोटीसबोर्डावर लागला आणि गाव शांत झालं. आणि त्याच कागदाच्या आधाराने हरिरामचा गेट-पास रद्द झाला. कारण लिहिलं, 'प्रयोगशाळेचा अहवाल निर्दोष असताना खोटी अफवा पसरवणे.' एवढ्यावर थांबलं नाही. ज्याच्या म्हशी अशा पटापट मरतात त्याचं दूध कसलं, असं लोक बोलू लागले. माणूस बसल्या जागी बुडाला. आणि खोटं कशाला बोलू, त्याचा रतीब मीसुद्धा बंद केला. बूथवरची पिशवी आणायला लागले.

दोन दिवसांनी तो माझ्या ऑफिसच्या बाहेर उभा. आत येऊ देत नव्हते, म्हणून कुंपणापलीकडून बोलला.

"मैडम, आपने लिखा पानी साफ है?"

"मैंने जाँच के लिखा है."

"तो मेरी भैंसें क्या शौक से मर गईं? आप खुद आके देखो. सुबे छह बजे आओ, पूरब वाले किनारे पे. हिम्मत हो तो."

हिंमत हो तो! मला! मी तडकले. घरी येऊन भांडी आदळली. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "उद्या पहाटे स्कूटर काढा. मला एका माणसाचं तोंड बंद करायचंय." हे लिहून ठेवते, कारण पुढे लोकांनी मला फार मोठेपणा दिला. न्यायबियाय काही डोक्यात नव्हता. मी गेले ती निव्वळ त्याला खोटा पाडायला. मुन्नालाललाही निरोप धाडला, बाटल्या घेऊन थेट तलावावर ये.

सहाला पोचलो. वारा नाही, पाणी आरशासारखं. पंपहाउसकडून तलाव नेहमीसारखा छान दिसत होता. चालत पूर्वेच्या काठाला गेलो आणि माझे पाय जागीच थांबले. काठालगत पाण्यावर हिरव्या रंगाची जाड साय धरली होती. कुणी ऑइलपेंटचा डबा ओतावा तशी. कडेला वाळून निळसर झालेली, आणि ओल्या गवताचा कुजका वास. हरिराम लांब उभा होता.

मी मुन्नालालला म्हटलं, "भरो."

तो पायजमा वर करून वाकला. डाव्या हाताने ती साय हळूच बाजूला सारली, एकदा, दोनदा, चांगली परातीएवढी जागा मोकळी केली, बाटली खाली बुडवली आणि नितळ पाणी भरून माझ्यापुढे धरलं. पुसून.

"मुन्नालाल, ये क्या किया?"

"पानी भरा, मैडम."

"वो ऊपर का हरा क्यों हटाया?"

"कचरा है, मैडम."

"हर सोमवार को हटाते हो?"

तो दुखावला. खरंच दुखावला. "तो क्या, मैडम? छह साल में आपको कभी गंदा पानी दिया क्या मैंने?"

मला हसावं की रडावं कळेना. आधी हसले. इतकी हसले की हे स्कूटर सोडून धावत आले. मग मात्र हसू थांबलं. कारण त्याचं काय चुकलं हो? आमच्या घरी आई हौदातून कळशी भरताना आधी हाताने पाणी सारायची, वरची पानं-किडे बाजूला करायची, मग कळशी बुडवायची. मी तेच करते. तुम्हीही करता. माणसाला पाणी देताना वरचा थर सारून द्यायचा, हा आपल्याकडचा साधा शिष्टाचार. आणि मुन्नालाल तर मॅडमला पाणी देत होता! त्याला एवढंच कुणी सांगितलं नव्हतं, की या मॅडमला कचराच हवा आहे. सांगायचं कुणी? मी. सहा वर्षांत मी एकदाही त्याच्याबरोबर तलावावर गेले नव्हते.

त्यात अकराची वेळ. या शेवाळाची गंमत अशी, की त्याच्या पेशीत हवेचे बारीक फुगे असतात. रात्री पाणी संथ असलं की ते तरंगत वर येतं, पहाटे साय धरते. ऊन चढलं की शेवाळ स्वतःसाठी साखर बनवतं, जड होतं आणि खाली बसतं. थोडा वारा सुटला की उरलेलं पूर्वेच्या काठाला जाऊन लागतं. म्हणजे आम्ही चहाबिहा पिऊन पश्चिमेला पंपहाउसच्या पायरीवर जाईपर्यंत चोर घरी जाऊन झोपलेला. समुद्रावर जाऊन तीन आठवडे ओकून आलेल्या या तज्ज्ञ बाईला हे सगळं पाठ होतं. पाठ होतं, पण तपासलं नव्हतं.

त्या दिवशी मी ती साय स्वतःच्या हाताने, रबरी मोजे घालून, बाटलीत भरली. मुन्नालालने तोंड फिरवलं. सूक्ष्मदर्शकाखाली दुसरं काही दिसेचना. फाटक्या मच्छरदाणीच्या तुकड्यांसारखे पेशींचे पुंजके, थरावर थर. जात ओळखीची होती. याचं विष लिव्हरवर जातं. विष आहेच असं नुसतं बघून म्हणता येत नाही, म्हणून नमुना बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत धाडला. पण तोवर गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी म्हशी कापून पाहिल्या होत्या. म्हणाले, "दोघींचं लिव्हर सुजून काळं पडलं होतं. मी विचारच करत होतो, की असं काय खाल्लं यांनी."

मी कागद घेऊन आमच्या साहेबांकडे गेले. चतुर्वेदी साहेब, माणूस देवासारखा, निवृत्तीला सहा महिने उरलेले. आधी म्हणाले, मोरचूद टाकून देऊ, दोन दिवसांत मरेल. म्हटलं, साहेब, नका. मोरचुदाने पेशी फुटते आणि आतलं सगळं विष एकदम पाण्यात येतं. आधी तो काठ बंद करा, आणि क्वार्टर्सचं साबणाचं सांडपाणी तलावात जातंय तो नाला वळवा. त्याच्यावरच हे पोसलंय. साहेबांनी मान्य केलं.

मग त्यांनी चष्मा काढला. "ठीक है. नया रिपोर्ट बना दो, आज की तारीख का. लिखो कि शैवाल हाल ही में पनपा है. पुराने को क्यों छेड़ना? अगले महीने तुम्हारे प्रमोशन का इंटरव्यू है."

खरं सांगू? दार लावून मी तसा कागद टाइप केला. चांगला जमलाही होता. पण त्याच्यावर सही करायला गेले आणि लक्षात आलं, की शेवाळ 'नुकतंच' माजलं असं मी लिहिलं तर सोमवारचा कागद खराच राहतो. तो खरा राहिला तर हरिराम त्या दिवशी खोटंच बोलला होता, आणि त्याचा गेट-पास गेला तो बरोबरच गेला. त्याची चूल पेटायची तर माझा जुना कागद खोटा ठरायला हवा होता. दुसरी वाट नव्हती. मी घरी गेले, जेवले नाही. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "प्रमोशनचं बघू गं. पण त्या माणसासमोरून रोज जायचंय तुला."

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, की सोमवारचा अहवाल चुकीचा आहे, नमुना घ्यायची पद्धतच चुकीची होती आणि ती तपासायची जबाबदारी माझी होती. साहेबांनी वाचून विचारलं, "सिर्फ सोमवार का?" मी म्हटलं, "नहीं, सब." मग मी रजिस्टर घेऊन बसले आणि तलावाच्या प्रत्येक नोंदीवर तांबड्या शाईने 'रद्द' लिहून सही करत गेले. मुन्नालाल शेजारी उभा राहून पानं उलटत होता. मधेच तो थांबला.

"मैडम, बोतल तो मैंने भरी थी. मेरा नाम क्यों नहीं लिखा?"

"बोतल तुमने भरी. पर 'दोषरहित' मैंने लिखा था. पन्ना पलटो."

त्याने पान उलटलं. सहा वर्षांच्या माझ्या लफ्फेदार सह्या, आणि प्रत्येकीवर आणखी एक, घाईची. त्या दिवशी मला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि रात्री झोप मात्र छान लागली. बाहेरगावच्या प्रयोगशाळेचं उत्तर पुढे आलं. विष होतं. प्रमोशन त्या वर्षी झालं नाही, दोन वर्षांनी झालं. मुन्नालाल त्यानंतर नियमाने पहाटे जाऊन तलावातला सगळ्यात घाणेरडा कोपरा शोधून बाटली भरू लागला, आणि आणून अभिमानाने म्हणायचा, "मैडम, आज तो बहुत ही गंदा मिला है!"

हरिरामचा गेट-पास आठवड्याने परत मिळाला. मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! पहिल्या दिवशी तो मोटरसायकल घेऊन आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत आला, भोंगा वाजवला, आणि एकही दार उघडलं नाही. पडदे हलले. बास. अहवाल रद्द झाल्याचा कागद नोटीसबोर्डावर होता, पण नोटीसबोर्ड वाचून कुणी दूध घेतं का? डॉक्टरांनी उरलेल्या म्हशी तपासल्या होत्या, आजारी वेगळ्या बांधल्या होत्या, नव्या मोटरचं ट्यूबवेलचं पाणी सुरू होतं. दुधात काही खोट नव्हती. तो तसाच भरलेले कॅन घेऊन परत गेला. मी खिडकीतून बघत होते. मलाही बाहेर जायचं धाडस झालं नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मी मोठं पातेलं उचललं आणि बाहेर गेले. लाइनीतल्या सगळ्या खिडक्या माझ्याकडे बघत होत्या.

हरिराम गाडीवरून उतरला नाही. "क्या मैडम? पहले जाँच करवाओगी?"

"नहीं. दो लीटर दो."

"आप तो एक लेती थीं."

"हरिराम, मेरी गलती थी. तुम सच बोल रहे थे. दो लीटर दो."

त्याने गाडी बंद केली. मग उतरला, माप काढलं, दोन लीटर ओतलं, वर जराशी धार सोडली. मी त्याला तिथेच थांबायला सांगून आत गेले, दूध तापवलं, आलं घालून चहा केला आणि दोन कप बाहेर आणले. घराच्या फाटकात उभी राहून मी चहा प्यायला लागले, अगदी सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. त्यानेही कप घेतला. समोरच्या मिसेस नायर व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांच्या घरी शाळेत जाणारी दोन मुलं. त्यांनी माझा कप रिकामा होईपर्यंत पाहिलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

माझा चेहरा पडला. हरिरामने कप खाली ठेवला, कॅनची झाकणं बसवली, किक मारायला पाय उचलला.

तेवढ्यात दार उघडलं. मिसेस नायर स्टीलचं पातेलं घेऊन रस्ता ओलांडत होत्या. माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डेढ़ लीटर, भैया."

हरिरामने गळ्यातल्या गमछ्याने तोंड पुसलं, डोळेही पुसले असावेत. मग अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "लाइन से, मैडम लोग, लाइन से आइए!"

लाइनीत आम्ही दोघीच होतो.